आवाज न सोसणाऱ्या माणसांविषयी

पोलादपूर सोडून दक्षिणेकडे निघाले म्हणजे थोड्याच वेळात कशेडी घाटाची चढण लागते. मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता येथे डोंगराच्या अंगाने वळसे घेत वर चढतो आणि पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात खेडाच्या बाजूस उतरतो. ह्या रस्त्याच्या आसपास ज्यांची घरे आहेत त्यांच्या कानांवर दिवसरात्र काय पडते, ह्याचा विचार वाटसरू सहसा करीत नाही. भरलेल्या मालमोटारी चढणीवर घुरघुरतात, उतारावर त्यांचे ब्रेक किंचाळतात, आणि वळणावळणावर हॉर्न वाजतात. पुढे घाटाचा वळसा टाळावा म्हणून डोंगराच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटर लांबीचे दोन बोगदे खोदण्याचे काम निघाले, तेव्हा यंत्रांची घरघर आणि काळ्या पाषाणात उडणाऱ्या सुरुंगांचे धक्के ह्यांची त्यात भर पडली. २०२३ साली गणेशोत्सवाच्या तोंडावर त्यांपैकी एका बोगद्यातून हलकी वाहने जाऊ लागली.

आता असे समजा की, अशा रस्त्याकाठच्या एका घराच्या ओटीवर दोन जावा तांदूळ निवडीत बसल्या आहेत. वळणावर एखादी गाडी कर्कश हॉर्न देते. थोरली मान वर करून पाहते आणि पुन्हा सुपाकडे वळते. धाकटीच्या हातून मात्र सूप निसटते, ती दोन्ही कानांवर हात ठेविते, तिचे काळीज धडधडू लागते, आणि पुढे घटका अर्धी घटका तिचे कामात लक्ष लागत नाही. आवाज एकच, अंतरही एकच. थोरलीस वाटते, ही सोंग करते. सासू म्हणते, माहेरी लाडात वाढली. शेजारीण कुजबुजते की, हिला बाहेरचे काही लागले असेल, भगताकडे नेऊन पाहा. एवढ्या तिघींत तिला कोणी हे विचारीत नाही की, बाई, तुला दुखते काय?

कारण पुष्कळांना खरोखरच दुखते. जो आवाज दहांपैकी नऊ जण सहज सोसतात तो ज्यास असह्य वाटतो, अशा माणसाच्या स्थितीस वैद्यकशास्त्रात ‘हायपरअक्युसिस’ असे नाव आहे. ती भित्रेपणाची खूण नाही, की बाधाही नाही. तिची मुळे कोठे असतात हे समजण्यासाठी प्रथम कानाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

कानाच्या पडद्यामागे तीन चिमुकली हाडे एकमेकांस जोडलेली असतात. त्यांच्या आकारावरून त्यांस हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावे पडली आहेत. रिकीब हे आपल्या सर्व देहातील सर्वांत लहान हाड, आणि त्यास जोडलेला स्नायूही तसाच सर्वांत लहान. मोठा आवाज होताच हा स्नायू आकसतो, रिकिबीस आवरून धरतो, आणि आतल्या नाजूक भागाकडे जाणारा धक्का काहीसा कमी करतो. जणू घोड्याचा लगाम कोणी हलकेच खेचावा. परंतु लगाम खेचण्यास सेकंदाचा लहानसा अंश का होईना, वेळ हा लागतोच. म्हणून हळूहळू वाढत जाणाऱ्या आवाजापुढे हा पहारेकरी सावध असतो, पण फटाका, बंदूक किंवा सुरुंग ह्यांचा बार त्याच्या हातून सुटून सरळ आत शिरतो. अकस्मात झालेला आवाज अधिक त्रास देतो ह्याचे एक कारण येथेच आहे.

ह्या स्नायूला हुकूम पोहोचविणारा मज्जातंतू चेहऱ्याच्या स्नायूंनाही चालवितो. कित्येकांचे तोंड एकाएकी एका बाजूस वाकडे होते आणि त्या बाजूचा डोळा मिटत नाही. गावात ह्याला वारे गेले असे म्हणतात. अशा रोग्यास पुष्कळदा त्याच बाजूच्या कानात भांड्याचा साधा आवाजही घणासारखा वाटतो, कारण लगाम खेचणारा हात लुळा पडलेला असतो. हे दुखणे बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होते. परंतु औषध पहिल्या दोनतीन दिवसांत सुरू झाले तर गुण येण्याचा संभव अधिक असतो. त्यात तशाच दिसणाऱ्या अर्धांगाच्या झटक्याची शंकाही डॉक्टरांनीच फेडावयाची असते. म्हणून त्यासाठी अंगारेधुपारे करीत बसणे फार महाग पडते.

दुसरे मूळ आणखी आत आहे. शंखाच्या आकाराच्या अंतःकर्णात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात, आणि आवाजाच्या लाटांनी त्या हलल्या म्हणजे मेंदूस संदेश जातो. वयाने, औषधांनी किंवा वर्षानुवर्षे गोंगाटात काम केल्याने त्यांतील काही मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. घरातील वृद्ध मनुष्य एका क्षणी म्हणतो, ‘काय म्हणालास? मोठ्याने बोल.’ नातू आवाज चढवितो, तोच आजोबा खेकसतात, ‘ओरडतोस कशाला? मी बहिरा आहे काय?’ ह्यावर घरात हसे होते. पण आजोबांचे दोन्ही म्हणणे खरे असते. हलका आवाज त्यांच्या कानी पोहोचतच नाही, आणि मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच, कधी पूर्वीपेक्षाही अधिक, जोराने आदळतो. ह्या दोहोंमधील सोसण्याची जागा फार अरुंद झालेली असते. अशा माणसाशी बोलताना ओरडू नये. समोर बसून, तोंड दिसेल अशा रीतीने, सावकाश बोलावे.

कान तपासून पाहता दोष आढळत नाही, तरीही आवाज सोसत नाही, असेही पुष्कळ जण असतात. ह्याविषयी आजचे संशोधक असे मानतात की, कानाकडून येणारे संदेश कमी झाले म्हणजे मेंदू आपणहून त्यांस मोठे करून ऐकू लागतो. दूरच्या ठाण्याचा रेडिओ नीट लागेना म्हणून कोणी त्याची कळ पिळीत नेली, आणि तितक्यात ठाणे स्वच्छ लागले, म्हणजे सगळे घर दणाणून जाते, मेंदूचेही तसेच. ह्या दुखण्याबरोबर कानात सतत गुंजारव होणेही पुष्कळांच्या वाट्यास येते. अर्धशिशीच्या रोग्यास डोके उठले असताना उजेडाप्रमाणे आवाजही सोसत नाही. डोक्यास जबर मार लागलेल्यांचे तेच. स्वमग्नता ही जन्मजात वेगळी प्रकृती असलेल्या कित्येक बालकांना शाळेची घंटा, कुकरची शिट्टी, फरशीवर पडलेले ताट ह्यांनी असा त्रास होतो की ती कान झाकून एका कोपऱ्यात बसतात. मास्तरांनी अशा मुलास हट्टी समजून छडी उगारू नये. घंटेपासून दूरचा बाक त्यास दिला तर निम्मे काम झाले.

तिसरे मूळ भयात आहे, आणि ते सांगावयाचे तर महाड-पोलादपूरच्या लोकांस दूरचे दाखले नकोत. ह्या मुलखातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे पलटणीत गेली. महाड तालुक्यातील एका आंबवडे गावास तर ‘फौजी आंबवडे’ हेच नाव पडले आहे. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्याखाली राहिलेल्या सैनिकांत एक चमत्कारिक दुखणे दिसू लागले. अंगावर जखम नाही, परंतु दार आपटले तरी मनुष्य थरथर कापतो, झोपेतून किंचाळून उठतो. १९१५ साली चार्ल्स मायर्स ह्या इंग्रज डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रात त्याविषयी लिहिले, आणि ‘शेल शॉक’ हे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या काळी असल्या कित्येक शिपायांवर भ्याडपणाचा ठपका आला. पुढे पुष्कळ वर्षांनी, १९८० साली, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या रोगसूचीत भयंकर प्रसंगानंतर मनात राहणाऱ्या ह्या आघातास स्वतंत्र स्थान दिले. आणि किंचित आवाजानेही दचकणे हे त्याचे एक ठळक लक्षण गणले जाते.

तोफा न पाहिलेल्यांवरही हा प्रसंग येतो. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीने महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यातही साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथे दरडींनी बळी घेतले. डोंगर खाली येतानाचा आवाज ज्याने एकदा ऐकला, त्यास पुढे आषाढातला गडगडाट, वाळूची गाडी रिकामी होतानाचा खडखडाट, किंवा सुरुंगाचा हादरा ऐकून धडकी भरली तर त्यात नवल ते काय? ‘इतकी वर्षे झाली, आता विसरा’ असे त्यास सांगणारे आपण कोण? देहाने तो धडा आपले प्राण वाचविण्यासाठी शिकलेला असतो, आणि समजुतीच्या चार शब्दांनी तो पुसला जात नाही. अशा माणसास मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेण्यात कमीपणा मानू नये. ह्या दुखण्यावर आज चांगले उपचार आहेत, आणि ते वेड्यांसाठीच असतात ही समजूत सोडून दिली पाहिजे.

आता उपाय. येथे एक मोठी चूक घरोघरी होते, म्हणून ती सविस्तर सांगतो. आवाज सोसत नाही असे दिसताच मनुष्य प्रथम कानात कापसाचे बोळे घालतो. मग दारेखिडक्या लावून घेतो. मग बाजारास जाणे सोडतो, लग्नास जाणे सोडतो, सभेस जाणे सोडतो. शेवटी आतल्या खोलीत बसून राहतो. आणि आश्चर्य असे की, तेथे त्यास पूर्वी न टोचणारे आवाजही टोचू लागतात. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ह्याचा उलगडा मिळतो. निरोगी कानांच्या काही माणसांनी दोन आठवडे, जवळजवळ अहोरात्र, कानात बुचे घालून ठेविली. दुसऱ्या काहींनी तितकेच दिवस मंद, एकसारखा सरसर आवाज करणारी लहान यंत्रे कानांवर वागविली. दोन आठवड्यांनी पाहतात तो बुचेवाल्यांस आवाज पूर्वीपेक्षा अधिक मोठे वाटू लागले होते, आणि मंद आवाजात राहिलेल्यांची सहनशक्ती वाढली होती. निरोगी कानांची ही गत, तर दुखऱ्या कानांचे काय होत असेल? अंधारकोठडीतून बाहेर आलेल्यास उन्हाची तिरीप सोसत नाही, तसेच हे आहे.

ह्याचा अर्थ असा मात्र कोणी करू नये की, रोग्यास मुद्दाम ढोलाशेजारी उभे करून त्याचा कान मोडावा. घोड्याची बुजरेपणाची खोड मोडतात त्या रीतीने माणसाचा कान सुधारत नाही. उलट इजा होते. सुरुंग, फटाके, मिरवणुकीतील भिंतीएवढे कर्णे, लाकूड कापण्याचे यंत्र, ह्यांच्याजवळ कानांचे रक्षण सर्वांनीच केले पाहिजे, आणि तेथे कापूस फारसा उपयोगी नाही. औषधांच्या दुकानांत मिळणारी फेसाची किंवा रबराची बुचे नीट बसवून घालावी, अथवा कारखान्यातील कामगार घालतात तशी कानझाकणी वापरावी. आवाज संपला की ती काढावी. घरातल्या साध्या वावरात बुचे घालू नयेत.

घरात उलट मंद आवाजाची सोबत असू द्यावी. कोकणात त्यासाठी यंत्राची गरज क्वचितच पडेल. पावसाळ्यात पागोळ्यांचा आवाज, ओढ्याचा खळखळाट, हे एकसारखे आणि न दचकविणारे आवाज आहेत. उन्हाळ्यात पंखा आहे, अगदी हलका लाविलेला रेडिओ आहे. रात्री पूर्ण शांततेपेक्षा असा काही आवाज असला तर झोपेत दचकणे कमी होते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. आवाज इतकाच ठेवावा की त्याच्याकडे लक्ष जाऊ नये, आणि काही आठवड्यांनी, रोग्याच्या स्वतःच्या मर्जीने, तो किंचित वाढवावा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे आणि श्रवणतज्ज्ञाकडे एकदा जाऊन कान तपासून घ्यावेत हे तर झालेच. एक कान एकाएकी ऐकेनासा झाला तर मात्र उद्यावर टाकू नये. त्याच दिवशी निघावे.

बोगद्याच्या कामावरून घरच्या माणसांनी शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. सुरुंग उडविण्यापूर्वी भोंगा वाजवून इशारा द्यावा लागतो. तो माणसांनी दूर व्हावे म्हणून असतो हे खरे. पण त्याने दुसरेही काम होते. जो आवाज येणार हे ठाऊक असते तो मनास निम्माच लागतो. तेव्हा सून म्हणाली, ‘आई, कुकर ठेवलाय हं, आता शिट्टी होईल,’ किंवा मुलगा म्हणाला, ‘बाबा, मी गाडी सुरू करतो,’ तर त्यास खर्च काही नाही. पितळी भांडी आपटून ठेवू नयेत, लोखंडी दारास रबराचा तुकडा लावावा, मागून येऊन ‘भो’ करण्याची थट्टा मुलांस करू देऊ नये. ह्या शेवटच्या थट्टेस गावात फार क्षुल्लक समजतात. ज्याच्यावर ती होते त्यास विचारावे.

शेजाऱ्यांच्या बाबतीत मर्जीवरच विसंबण्याचे कारण नाही, कायदा आहे. भारत सरकारने २००० साली केलेल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. इस्पितळे, शाळा व न्यायालये ह्यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकते, आणि तेथे ती दिवसा ५० व रात्री ४० अशी आहे. रात्र म्हणजे १० पासून सकाळी ६ पर्यंत. डेसिबलचे गणित फसवे असते: दहाने आकडा वाढला की आवाजातील शक्ती दहापट होते, म्हणून ५५ आणि ७५ ह्यांत शंभरपटीचे अंतर आहे. फोडलेल्या जागेपासून ४ मीटरांवर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांस मनाई आहे. अनेक सुरांचे, कर्कश हॉर्न मोटारगाडीस लावण्यासही मोटार वाहन नियमांनी बंदी आहे. घाटातल्या आंधळ्या वळणावर एकदा हॉर्न द्यावा, तो प्राण वाचवितो. त्याविषयी तक्रार नाही. पण पोलादपूर-महाडच्या बाजारात पुढची गाडी हलत नाही म्हणून तोच हॉर्न दाबून धरणाऱ्याचा कोणाचा प्राण वाचतो?

असे नियम आपोआप झाले नाहीत. ह्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकास, मुंबईत, डॉ. यशवंत ओक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८५ साली ध्वनिक्षेपकांच्या अतिरेकाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलाली ह्यांनी आवाज मोजण्याचे यंत्र हाती घेऊन सणासुदीच्या रात्री रस्त्यांवर उभे राहून मोजमापे केली आणि तीही न्यायालयापुढे नेली. लोकांच्या उत्साहाच्या आड येणाऱ्याचे स्वागत होत नाही, हे निराळे सांगावयास नको.

दुसऱ्याच्या मिरवणुकीकडे बोट दाखविण्यापूर्वी आपणही एक निकाल आठवावा. ३० ऑगस्ट २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्या प्रकरणात असे ठरविले की, इतरांची शांती मोडून ध्वनिक्षेपकावर किंवा ढोल बडवून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, त्या प्रकरणात अपील करणारी चेन्नई येथील एक ख्रिस्ती मंडळीच होती. आपल्या खेड्यांतील लहानशा मंदिरात पन्नास माणसे बसतात, आणि पत्र्याच्या छपराखाली ध्वनिक्षेपक, ढोलकी व झांजा ह्यांचा आवाज दुप्पट होऊन परत येतो. मागील बाकावरील म्हातारा किंवा दाराशी कान झाकून उभे असलेले पोर पुढच्या आठवड्यास येत नाही, आणि आपण म्हणतो त्यांचा उत्साह मावळला. पन्नास माणसांस ध्वनिक्षेपक लागतोच काय, हे पंचांनी एकदा तो बंद ठेवून पाहावे. लागत असेल तर त्याचे तोंड बाकांकडून वळवावे, झांजा सुरू होण्यापूर्वी तसे सांगावे, आणि दारालगतची एक जागा अशा माणसासाठी राखून ठेवावी, म्हणजे त्यास कोणाच्याही नजरेस न येता बाहेर जाऊन पुन्हा आत येता येईल.

ओटीवरील त्या धाकट्या जावेचे काय करावे? भगताचे पैसे वाचवून प्रथम तिचे कान तपासून घ्यावेत. ओटीचा कोपरा रस्त्याकडे असेल तर तिने परसाच्या बाजूस बसून तांदूळ निवडावेत, पण दार बंद करू नये; घाटातील गाड्यांची दूरची घरघर तेथे मंद होऊन ऐकू येते, तीच तिला सवयीस पुरे. काही दिवसांनी तिने मधल्या दारापाशी यावे, मग ओटीच्या आतल्या कडेस. आठवडी बाजारास जावयाचे झाल्यास गर्दी जमण्यापूर्वी, सकाळी लवकर, थोरलीस बरोबर घेऊन जावे, आणि बुचे पदराच्या गाठीत असू द्यावीत. एखाद्या दिवशी फार त्रास झाला तर दोन दिवस पुन्हा परसात बसावे व तेथून पुढे निघावे. ह्यास आठवडे लागतात, कित्येकींना महिने लागतात, आणि तोपर्यंत सुपातले तांदूळ कधीमधी सांडतील. ते थोरलीने काही न बोलता गोळा करावे.